दुसरं कार्ड

माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली देताना आमचे हे स्टुलावरूनच म्हणाले, "गणपती होऊन गेले, दिवाळीला अजून वेळ आहे. आत्ता कुणाचं ग्रीटिंग करायला बसणार तू?" मी म्हटलं, "द्या इकडं. जपून." खरं उत्तर माझ्या तोंडून निघालं असतं तर भिंतींनी ऐकलं असतं, आणि मला त्या दिवसांत भिंतींचीही भीती वाटत होती.

पेटीचं झाकण उघडलं आणि वास आला. जुन्या कागदाचा, सुकलेल्या खळीचा, आणि त्या सगळ्याच्या खाली अगदी पुसट असा तंबाखूचा. मी बेळगावात संसाराला लागून आयुष्य उलटलं, तरी निपाणीचा वास पेटीत तसाच बसून होता. नागमोडी कातरी, चमकीची बाटली, जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा, त्यातले काही सोनेरी गणपती कापून घेतलेले आणि काही अजून कापायचे राहिलेले. मी पेटी पुढ्यात घेऊन जमिनीवर बसले.

मी जन्माची भित्री. मांजर आडवं गेलं तर उंबऱ्यात थांबणारी, कुणी शिंकलं तर पायातली चप्पल काढून परत बसणारी. पोरं मला चिडवतात, मीही हसते. पण आदल्या दिवशी स्नेहल जे बोलली त्यावर हसणं शक्य नव्हतं. स्नेहल माझी मुलगी, बाळंतपणाला माहेरी आलेली. नववा लागला होता, रक्तदाब वर-खाली होत होता, आणि डॉक्टरीणबाई प्रत्येक वेळी कागदावर काहीतरी लिहिताना भुवया उंच करायच्या. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ आठव्यात पोटातच गेलं होतं. त्यानंतर आमच्या घरात कुणी तो विषय काढला नाही. वडीलधारी म्हणाली, काढू नका, ती विसरेल. आम्ही काढला नाही.

संध्याकाळी ती पाय लांब करून बसली होती. चहा घेता घेता म्हणाली, "आई, तू लहानपणी निपाणीत कार्डं करायचीस न्हवं? मला दोन करून ठेव."

"दोन कशाला?"

"एक सगळं नीट झालं तर द्यायचं." ती कपाकडं बघत होती. "आणि एक, न्हाय झालं तर."

आमची आई असती तर तिनं लगेच 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या असत्या. मी नुसतं म्हटलं, "काय बोलालीस गं हे भरल्या घरात?"

"मागच्या वेळी कुणी एक ओळ लिहिली न्हाय, आई. सगळी भेटायला आली, केळी आणली, हवापाण्याचं बोलली आणि गेली. मला कळायचंच न्हाय, मी आजारी होते का माझं काही झालंच न्हवतं. या वेळी तसं नको. करून ठेव. मला माहीत पाहिजे की ते तयार आहे." आणि तिनं चहा संपवला.

बाळ यायच्या आधी आपल्यात त्याच्यासाठी काही घेत नाहीत. टोपडं नाही, लंगोट नाही, पाळण्याची दोरीसुद्धा नाही. फार तर जुन्या सुती साड्या धुऊन ठेवायच्या, त्याही दुसरंच काही कारण सांगून. म्हणजे आनंदाचं कार्ड आधी करणं हेच मुळात अशुभ. आणि दुसरं? त्याला तर नावच नव्हतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि माझी मुलगी मला ते चिंतून, वर कातरून चिकटवून ठेवायला सांगत होती.

निपाणीत उन्हाळा लागला की गावभर तंबाखूचा वास उठायचा. वखारींची दारं उघडी असायची, आत बायका तोंडाला पदर बांधून पाल्याची निवड करायच्या आणि बाहेरून जाणारा पाहुणा शिंकून शिंकून हैराण व्हायचा. आम्हाला काही व्हायचं नाही. आमचे वडील, अण्णा, एका वखारीत मुनीम होते. ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला तोच वास असायचा, आणि तो आला की मला वाटायचं, आता घराला कडी लावली तरी चालेल. शेजारच्या घरात पद्माक्का राहायची. जैनांची, आईशी मराठीत बोलणारी, रागावली की कानडीत जाणारी. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला म्हणून माहेरी परत आलेली. भावाचं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं, आणि त्या दुकानात विकायला ती घराच्या पुढच्या सोप्यात बसून कार्डं करायची.

शाळा सुटली की मी तिच्याकडं. ती मैद्याची खळ रोज ताजी शिजवायची. माझ्या आईची खळ डब्यात चार दिवस राहायची, आंबायची, वर साय धरायची. तसली खळ पद्माक्काच्या सोप्यात चालायची नाही. "शिळ्यात जीव पडत्यात, पोरी. कुणाच्या सुखासाठी कुणाला मारायचं न्हाय," म्हणायची. बाजारातला सरस तर तिनं कधी घरात येऊ दिला नाही. तो कातड्यापासून करतात. कार्डावर लावायची फुलं झाडावरून तोडायची नाहीत, पडलेली वेचायची. म्हणून आमची कार्डं पारिजातकाची आणि बकुळीची, बाकी कुठल्या फुलाची नाहीत. पावसाळा संपला की मी पिंपळाखालून आपोआप जाळी झालेली पानं गोळा करून आणायचे. उजेडासमोर धरलं की पानातून पलीकडचं सगळं गाव दिसायचं. ती पानं वहीत ठेवताना मी श्वास धरून ठेवायचे.

प्रत्येक सणाची आपली एक तऱ्हा. संक्रांतीच्या कार्डावर पांढरे तीळ एकेक चिकटवून पतंग करायचा, आणि तो पोचेपर्यंत मुंग्यांनी अर्धा नेलेला असायचा. दसऱ्याला आपट्याची पानं. लग्नसराईनंतर गल्लीतल्या सगळ्या लग्नपत्रिका आमच्याकडं यायच्या. त्यातले गणपती, कलश, मोर कापून घ्यायचे आणि पुढच्या वर्षीच्या नव्या जोडप्यांना पाठवायचे. भाद्रपदात पद्माक्काचे उपास संपले की क्षमेची कार्डं. वर्षभरात माझ्याकडून कळत-नकळत तुम्ही दुखावला असाल तर क्षमा करा, असं ती ओळखीच्या प्रत्येकाला लिहायची. एकदा मलाही दिलं. मी ते घेऊन घरी पळत गेले आणि आईला विचारलं, "पद्माक्कानं माझं काय केलंय?" दोन दिवस मी अंगावरचे व्रण तपासत होते. आई हसून हसून लोळली.

आनंदाची कार्डं घ्यायला माणसं पुढच्या दारानं यायची, मोठ्यानं बोलत. पोर पास झालं, सून बाळंत झाली, जावयाला नोकरी लागली. त्या कार्डांच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकवाचं बोट लागायचं आणि वर श्री. दुसरी माणसं मागच्या दारानं, हौदाकडून यायची. पदर तोंडाशी धरून, हळू आवाजात. कुणाचा मुलगा दहावीला बसलाच नव्हता, कुणाची सोयरीक मोडली होती, कुणाची जाऊ विधवा झाली होती. दुकानात मिळणाऱ्या कार्डांत तसलं काही नसायचं. पद्माक्का त्यांच्यासाठी साधा पांढरा कागद घ्यायची, कोपऱ्याला काही नाही, वर श्री नाही. ती कार्डं तयार झाली की फडताळातल्या वरच्या फळीवर ठेवायची. त्या फडताळासमोरून मी जायचे नाही. खळीचं भांडं आणायचं असलं तरी समोरच्या भिंतीला चिकटून वळसा घालायचे.

"भ्यालीस व्हय गं?" ती विचारायची.

मी मान हलवायचे, नाही म्हणून. मग तोच वळसा परत.

पण एक गोष्ट मी भीत भीत का होईना पाहत होते. मागच्या दारानं आलेल्या माणसाला ती आधी खूप विचारायची. गेलेला माणूस कसा चालायचा, काय खायचा, कुणाला काय हाक मारायचा. आणि आत लिहायचं ते त्यातलंच. धीर धरा, देवाची इच्छा, असलं ती एकदाही लिहायची नाही. पलीकडच्या गल्लीतला एक सायकलवाला गेला तेव्हा त्याच्या बायकोला जाणाऱ्या कार्डात तिनं लिहिलं, तुमचे हे गल्लीत शिरताना दोनदा घंटी वाजवायचे, आम्ही अजून त्या वेळी दाराकडं बघतो. बस एवढंच. मी ते वाचलं आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मला वाटलं, घंटी आता वाजेल.

एका दिवाळीत ते घडलं. कुठूनतरी पद्माक्काच्या डोक्यात आलं की पाकिटाचा एक कोपरा नक्षीदार कापावा, म्हणजे आतली सोनेरी चमकी बाहेरून दिसेल. नागमोडी कातरीनं कोपरा असा सुरेख उतरला की आम्ही दोघी बघतच राहिलो. आईनं त्यातलंच एक पाकीट तिच्या भावजयीला, म्हणजे माझ्या मामीला, टपालानं पाठवलं. मामी चिकोडीच्या बाजूला खेड्यात राहायची आणि मामा सैन्यात, लांब सरहद्दीवर. सुट्टीला मी त्या वेळी मामीकडंच होते.

पोस्टमन आला तेव्हा मामी अंगणात चकलीच्या सोऱ्याला धागा गुंडाळत होती. त्यानं पाकीट दिलं आणि नेहमीसारखा पाणी मागायला थांबला नाही. मान खाली घालून निघून गेला. मामीनं पाकीट उलटून पाहिलं आणि ती होती तिथंच, शेणानं सारवलेल्या ओल्या अंगणात बसली. कोपरा कापलेलं पत्र म्हणजे घरातलं माणूस गेल्याची बातमी. आपल्याकडं कुणाला ते सांगावं लागत नाही, पण चमकीच्या नादात आमच्या कुणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणूनच तर तो कोपरा. "गेलं गं माझं! कोपरा न्हाय गं ह्याला!" असा एकच आवाज तिनं काढला आणि आजूबाजूच्या बायका धावत आल्या. कुणी तिच्या बांगड्यांकडं बघत होतं. पाकीट चिखलात पडलं होतं आणि त्याच्या कापलेल्या कोपऱ्यातून सोनेरी चमकी चमकत होती. मला ते कार्ड ओळखू येत होतं. मीच त्याला बकुळ लावली होती. पण माझ्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी शेजारच्या मास्तरांनी ते उघडून वाचलं. दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. तीनदा वाचलं तेव्हा कुठं मामीला ऐकू आलं.

चुलीवरची कढई तोवर करपली होती. त्या वर्षी त्या घरात चकल्या झाल्या नाहीत.

पद्माक्काला कळलं तशी ती दुसऱ्या दिवशीच्या बसनं एकटी आली. पायातल्या चपला कट्ट्याखाली काढून तिनं मामीपुढं हात जोडले. तिचं क्षमेचं कार्ड भाद्रपदात येऊन गेलं होतं, पण या चुकीला कार्ड पुरणार नव्हतं. मामीनं पाणी गाळून तिच्यापुढं ठेवलं. म्हणाली, "आक्का, तुमचं काय चुकलं न्हाय. माझंच काळीज कच्चं हाय." दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून पद्माक्का उठली, आणि जाताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कागदाला भिऊ नये, पोरी. कागद बातमी आणतोय. बातमी करत न्हाय." मला ते पटलं. पण पटलेलं आणि पोटात उतरलेलं यांत फरक असतो. पुढं आयुष्यभर दारात टपाल पडलं की मी आधी त्याचे चारी कोपरे बघत आले. आता टपालच येत नाही. फोन वाजतो, आणि फोनला कोपरे नसतात. त्यामुळं भीती कमी झाली असं मात्र नाही.

पेटी उघडल्यानंतरच्या आठवड्यात मी निपाणीला जाऊन आले. चुलतबहिणीला भेटते म्हणून सांगितलं, आणि तिला भेटलेही. पण मला पद्माक्काचा सोपा बघायचा होता. तिथं आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. काचेच्या फळ्यांवर रंगीत कव्हरं टांगलेली, आणि जिथं खळीचं भांडं असायचं तिथं एक तरुण मुलगा डोळ्याला भिंग लावून कशाततरी सुई घालत होता. पलीकडच्या वखारीचं मंगल कार्यालय झालंय. मी मुद्दाम मोठा श्वास घेतला. वास नव्हता. पद्माक्का गेली ते मला फोनवरच कळलं होतं, आणि तिच्या माणसांना कुणी एक पांढरं कार्ड पाठवलं असेल असं मला वाटत नाही. तिच्यानंतर ते करायचं कुणी? मी परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले आणि संकेश्वरपर्यंत रडले. मग घाबरून डोळे पुसले. गरोदर मुलीच्या आईनं असं रडू नये.

घरी स्नेहल रोज विचारायची नाही. नुसती पेटीकडं बघायची. तिच्या पायाला सूज चढत होती.

मी आधी आनंदाचं घेतलं. ते सोपं वाटलं होतं. कागद कापला, पुढं जाळीचं पान लावलं, त्याखाली पारिजातकाची सुकी फुलं. आमच्या अंगणात तो सकाळी पडतो, वेचून वहीत दाबून ठेवली होती. आत लिहायला पेन उचललं आणि पुढं हात चालेना. काय लिहू? ये? कुणाला ये म्हणू? तो आहे का ती आहे? दृष्ट कुणाची लागते, आधी आपलीच लागते. मी आतली बाजू कोरी ठेवली.

मग दुसरं. पांढरा कागद पुढ्यात घेऊन मी देवघराकडं पाठ करून बसले, देवानं बघू नये म्हणून. हसण्यासारखं आहे खरं, पण मी तसंच केलं. आमचे हे दारातून डोकावले, कागद पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि शेजारी येऊन बसले. म्हणाले, "तिनं मागितलंय काय?" मी मान हलवली. "मग कर," ते म्हणाले, आणि उठून गेले.

पोटातल्या जिवाबद्दल तसलं लिहायला हात धजेना. कुणाचा धजेल? पण पद्माक्काच्या रीतीनं खरं तेच लिहायचं होतं, आणि मला खरं माहीत होतं ते एकाच बाळाचं. पहिल्याचं. तो आठ महिने आमच्यात होता. संध्याकाळी चहाच्या वेळी त्याला उचक्या लागायच्या. स्नेहल पोटावर कप टेकवून बसायची आणि कप हलायचा, आणि आम्ही तिघं त्या कपाकडं बघून हसत बसायचो. मी ते लिहिलं. या जिवाच्या नावानं मागितलेलं कार्ड मी त्याला लिहिलं. चार ओळी. कोपऱ्यांना काही लावलं नाही, कापलंही नाही. पाकिटात घातलं आणि दवाखान्याच्या पिशवीत जुन्या साड्यांच्या खाली, अगदी तळाला ठेवलं. त्या दिवसापासून ती पिशवी उचलताना मला वाटायचं, तिच्यात निखारा आहे.

मग एका दुपारी जेवणं चालली असताना स्नेहलचं डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. रिक्षातून दवाखान्यात जाईपर्यंत तिनं माझा हात धरला होता. दारातच डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला आणि म्हणाल्या, थांबता येणार नाही, आत्ताच ऑपरेशनला घ्यायला लागेल. जावई हुबळीहून निघाले होते, पोचले नव्हते. स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं, त्याच्यावर लाल दिवा लागला. स्नेहल जाताना मागं वळून म्हणाली, "पिशवी आणलीस काय?" मी म्हटलं, "व्हय गं बाई, आणली." तिला साड्यांची काळजी नव्हती हे मला माहीत होतं.

बाहेरच्या लाकडी बाकावर मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. समोर औषधांच्या दुकानात कुणीतरी कानडीत भांडत होतं, लिफ्टचं दार उघडत होतं, मिटत होतं, आणि आतून काही ऐकू येत नव्हतं. मागच्या वेळीही असंच काही ऐकू आलं नव्हतं. मला तीच शांतता आठवत होती, आणि जिच्याविषयी आपण बोलत नाही ती गोष्ट त्या शांततेत आमच्या शेजारी बाकावर येऊन बसली होती. आमचे हे चहा घेऊन आले, आम्ही दोघांनी तो हातात धरून थंड केला. मी देवाला काही मागितलं नाही. मागायची भीती वाटली. मी नुसतं पिशवीचं तोंड घट्ट धरून ठेवलं, आतलं काही बाहेर येऊ नये म्हणून.

मग रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, थांबून थांबून.

नर्स दार अर्धं उघडून म्हणाली, "हेण्णु. मुलगी हाय. वजन थोडं कमी, पण आवाज बघा की कसा! जुनं मऊ कापड द्या बेगी." आमचे हे भिंतीला टेकले आणि तोंडावर रुमाल धरून हमसाहमशी रडले. मी साड्या काढून दिल्या, आणि पिशवीत हात घातला तेव्हा बोटांना पाकिटं लागली. त्याच नर्सकडून पेन मागून घेतलं. बाकावर बसून पारिजातकाच्या कार्डात लिहिलं, आलीस गं माझे बाई. अक्षर असं वेडंवाकडं आलं की शाळेत मास्तरांनी छडी दिली असती.

स्नेहलला खोलीत आणलं तेव्हा उन्हं खिडकीतून आत आली होती. बाळ तिच्या कुशीत, साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं, चेहरा लालबुंद. मी पारिजातकाचं कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं, हसली, बाळाच्या गालाजवळ धरलं. पान बाळाला टोचेल म्हणून मी ते लगेच काढून घेतलं.

"आणि दुसरं?" ती म्हणाली.

"आता कशाला गं ते? फाडून टाकते मी. असलं बाळाजवळ ठेवू नये."

"न्हाय. दे."

"स्नेहल, ऐक माझं."

"आई, दे की."

मी दिलं. तिनं पाकीट उघडलं, पांढरा कागद बाहेर काढला आणि वाचायला लागली. तिला वाटलं असणार की त्यात या बाळाच्या नसण्याबद्दल काही असेल. पहिल्या ओळीला ती थांबली. चहाचा कप. उचक्या. तिनं ते परत वाचलं, आणि मग ती रडायला लागली. टाक्यांवर हात दाबून, आवाज न करता, दोन वर्षांचं साठलेलं. मी घाबरून नर्सला हाक मारायला उठले, तर तिनं माझा पदर धरला.

"आई," ती म्हणाली, "मला कुणी दाखवलं न्हाय त्याला. मी शुद्धीवर आले तोवर घेऊन गेलते. तू बघितलेलंस काय?"

मी बघितलं होतं. त्या दिवशी त्याला कापडात गुंडाळून माझ्याच हातात दिलं होतं. थोडाच वेळ. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

"व्हय," मी म्हटलं.

"कसा होता गं?"

मी पलंगाच्या कडेला बसले. बाळाची झोपेत चुळबुळ चालली होती. मला भीती वाटत होती, पण मी तोंड उघडलं.

"केस लई होते त्याला," मी म्हणाले. "कपाळावर आलते. आणि बोटं तुझ्यासारखी होती, लांब लांब."